फ्लिंटचं पाणी आणि आपलं

फ्लिंट, मिशिगन

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

"पाणी उकळून पी" असं आई दर फोनवर बजावते. तिला सांगा, इथल्या पाण्यात शिसं उतरलं होतं आणि ते उकळून जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. म्हणून इथे नळाला फिल्टर लावतात. शेजारच्या आजी तर अजूनही भाजी बाटलीच्या पाण्यानेच धुतात. नळावर त्यांचा विश्वासच उरलेला नाही.

एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवायला म्हणून शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. कारभार तेव्हा राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हातात होता. आपल्या पुणे महापालिकेवरही 2022 पासून प्रशासकच होता ना, तसंच. नदीच्या पाण्याने जुने शिशाचे पाइप झिजू नयेत म्हणून जे रसायन घालायचं, ते घातलंच नाही. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जायचे, कोणी दाद देईना. ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी बंद केलं, कारण सुटे भाग गंजायला लागले होते. मुलं मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत होती. बाबा, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

सप्टेंबर 2015 मध्ये डॉ. मोना हन्ना-अटिशा या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले, तर राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच चूक ठरवलं. शेवटी 5 जानेवारी 2016 ला गव्हर्नर स्नायडर यांनी आणीबाणी जाहीर केली. मग मात्र विधिमंडळ झटक्यात हललं. त्याच महिन्यात 2.8 कोटी डॉलर मंजूर झाले. बाटल्या, फिल्टर, शाळांमध्ये नर्स, मुलांच्या तपासण्या असं सगळं त्यात आलं. नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटत होते. पैसा वेळेवर मिळाला हे चांगलंच झालं, पण शिशाने लहान मुलाच्या मेंदूचं जे नुकसान होतं ते कुठल्याही ठरावाने भरून येत नाही. तक्रारी आल्या तेव्हाच कोणी पाणी नीट तपासायला हवं होतं.

म्हणून तुम्हाला गळ घालते आहे. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस, म्हणजे हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार पसरला, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. तो जंतू उकळल्याने मरतो, तेव्हा तिथे आईचंच बरोबर आहे. पण सोसायटीच्या टाकीचं काय? टँकर आला की ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन बघायची चाचणी करायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर टँकर परत पाठवा. तारीख, वेळ, रंग वहीत लिहून ठेवा. क्षेत्रीय कार्यालयात तक्रार तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. सेक्रेटरी टाळाटाळ करत असतील तर त्यांचा नंबर मला पाठवा, मी बोलते.

आईला नमस्कार.

तुमची,
मीनल