स्कारबरोंचे पुस्तक कुठे गेले?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत ग्रीक-लॅटिनच्या कृष्णवर्णीय अभ्यासकांवर पानभर लेख आला, त्याबद्दल आभार. मराठीत हा विषय सहसा कोणी घेत नाही, म्हणूनच लेख वाचून जास्त वाईट वाटले. विल्यम सँडर्स स्कारबरो गुलामगिरीत जन्मले, चोरून वाचायला शिकले, पुढे विल्बरफोर्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, एवढ्यावर त्यांचा परिच्छेद संपतो. हा माणूस ग्रीकचा पंडित होता. मग त्याने ग्रीकमध्ये काय केले, हे नको का सांगायला?

त्यांचे 'फर्स्ट लेसन्स इन ग्रीक' १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या ए. एस. बार्न्सने छापले. तेव्हा अमेरिकेत चांगल्या महाविद्यालयात प्रवेश हवा तर प्राचीन ग्रीक लेखक झेनोफनचे 'अॅनाबेसिस' वाचता येणे लागे. वर्गात व्याकरण चाले गुडविनचे किंवा हॅडलीचे. दोन्ही ग्रंथ भरगच्च; नवशिक्याने कुठून सुरुवात करावी हे त्यात कळत नाही. स्कारबरोंनी धडे या दोन्ही व्याकरणांना धरून रचले, त्यामुळे विद्यार्थ्याकडे त्यातले कोणतेही असले तरी चाले. आधी धडे आणि स्वाध्याय, मग झेनोफनचे सोपे उतारे. हे शिक्षकाचे काम आहे, आणि उत्तम काम आहे.

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १८८४ मध्ये अमेरिकन फिलॉलॉजिकल असोसिएशन या भाषाभ्यासकांच्या संस्थेपुढे ग्रीक क्रियापदातल्या एका स्वरावर निबंध, १८८६ मध्ये अॅरिस्टोफेनिसच्या 'बर्ड्स' या ग्रीक नाटकाचा अर्थ कसा लावावा यावर पुस्तिका. १९०९ मध्ये मात्र असोसिएशनच्या बॉल्टिमोरच्या अधिवेशनाला त्यांना जाता आले नाही. ते हजर असतील तर मेजवानी देणार नाही, असे तिथल्या हॉटेलाने कळवले होते. लेखात हा अपमान आहे, निबंध नाहीत. माणसाचे हाल लक्षात ठेवायचे आणि काम सोडून द्यायचे, तर विस्मरण तसेच राहते.

'ग्रीक व्याकरण येणारा निग्रो दाखवा, मग त्याला माणूस मानीन' हे गुलामगिरीचे समर्थक अमेरिकन सिनेटर कॅल्हून यांचे उद्गार तुम्ही अवतरणचिन्हांत छापलेत. ते कॅल्हूनच्या लेखणीतून आलेले नाहीत. दोन वकील वॉशिंग्टनमधल्या जेवणातली हकीकत सांगत होते, ती कृष्णवर्णीय धर्मोपदेशक अलेक्झांडर क्रमेल यांनी १८३३-३४ च्या सुमारास पोरवयात ऐकली आणि १८९७ च्या भाषणात सांगितली. साठेक वर्षांनंतरची ही ऐकीव आठवण आहे, आणि तशीच छापायला हवी होती.

हा इतिहास सापडतो कसा, हेही लेखात नाही. असोसिएशनच्या इतिवृत्तात दरवर्षी सभासदांची यादी छापली जाई : नाव, संस्था, गाव. वर्ण नसे. विल्बरफोर्स ही कृष्णवर्णीयांची संस्था होती हे माहीत नसेल तर तिथल्या स्कारबरोंच्या नावावरून नजर सरळ पुढे सरकते. म्हणून ही यादी महाविद्यालयांच्या जुन्या माहितीपुस्तकांशी ताडावी लागते. अभ्यासक मिशेल व्हॅलेरी रॉनिक यांनी असे वर्षानुवर्षे शोधले. स्कारबरोंचे आत्मचरित्र २००५ मध्ये प्रसिद्ध झाले ते त्यांच्या संपादनाखाली. शाळांत शिकवणारे बहुतेक जण या यादीत सापडतच नाहीत, आणि सर्वांत आधी गळतात त्या बायका. क्लीव्हलँडच्या शाळेत लॅटिन शिकवणाऱ्या हेलन मारिया चेस्नट १९३२ च्या 'द रोड टू लॅटिन' या पाठ्यपुस्तकाच्या सहलेखिका होत्या. तुमच्या पानावर त्यांना एक ओळही मिळालेली नाही.

आणखी एक. हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर (१८७०) साउथ कॅरोलायना विद्यापीठात प्राध्यापक होते, लॅटिन आणि ग्रीकही शिकवत. १८९८ मध्ये अमेरिकेने त्यांची वकिलातीत नेमणूक केली ती चक्क मुंबईला! मुंबईत प्लेग होता, म्हणून ते आले नाहीत आणि व्लादिवोस्तोकला गेले. मराठी वर्तमानपत्राने ग्रीनर यांच्यावर लिहावे आणि हे गाळावे, याचे आश्चर्य वाटते.

कॅल्हूनच्या अवतरणाची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, आणि जागा असेल तर सोबत स्कारबरोंच्या ग्रंथांची यादी द्यावी.

आपला,
एक वाचक, पुणे