रॅम आठ जीबीची, दिसते सहाचीच. हिशेब असा लागतो

प्रति,
मा. संपादक,
स. न.

‘विंडोज १०’चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून अनेक जण जुन्या संगणकात रॅम वाढवून घेत आहेत, वापरलेले लॅपटॉप विकत घेत आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भावही चढले. अशा वेळी घरी येऊन सेटिंग्ज उघडावीत, तर ‘इन्स्टॉल्ड रॅम ८.०० जीबी’ आणि पुढे कंसात ‘५.९ जीबी युजेबल’, म्हणजे वापरता येण्याजोगी. मग दुकानदाराने फसवले असे वाटते. कधी याच्या उलट होते. ‘रॅम गेली’ असे सांगून चांगली स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, काढली जाते आणि नवी गळ्यात मारली जाते. संगणक दुरुस्ती करणारे म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की, पैसे देण्याआधी किंवा भांडण्याआधी किती रॅम कमी दिसते तो आकडा नीट बघा. बहुतेक वेळा तो आकडाच कारण सांगून टाकतो.

आकडा बघायचा कुठे? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली उजवीकडे बारीक अक्षरांत ‘स्लॉट्स युज्ड’ (रॅम बसवायच्या किती जागा भरल्या) आणि ‘हार्डवेअर रिझर्व्ड’ अशा दोन ओळी असतात. हार्डवेअर रिझर्व्ड म्हणजे विंडोजच्या हाती न आलेली रॅम. शेजारच्या ‘इन यूज’ किंवा ‘कॅश्ड’ या आकड्यांशी तिचा संबंध नाही. त्या आकड्यांतली रॅम विंडोजकडेच असते, कामाला लावलेली असते.

एक गल्लत आधी दूर करायला हवी. १ टीबीची हार्डडिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५ दिसते. कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. हेच कारण रॅमला लावून ‘एवढी घट यायचीच’ असे काही जण समजावतात. ते चूक आहे. रॅम बनवणारेही १०२४ च्या पटीतच मोजतात. ८ जीबीच्या स्टिकमध्ये ८,५८,९९,३४,५९२ बाइट असतात आणि विंडोज त्यांना बरोबर ८.०० जीबीच म्हणते. रॅममध्ये तूट दिसली तर तिचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

सर्वांत जास्त आढळणारी तूट काही शे एमबीपासून २ जीबीपर्यंतची असते. हा वाटा ग्राफिक्सचा. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पडदा चालवते. त्याला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते मुख्य रॅममधून तुकडा घेते. संगणक सुरू होताना, विंडोज जागे होण्याच्या आधीच, बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) हा तुकडा बाजूला काढून ठेवते. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर तो लहान असतो, म्हणून ८ पैकी ७.७ किंवा ७.८ दिसते. एएमडी रायझनच्या अनेक लॅपटॉपवर कंपनीनेच २ जीबी राखून ठेवलेले असतात, म्हणून ८ ची ५.९ होते आणि १६ ची १३.९. रॅम चांगलीच आहे, फक्त ती पडद्याच्या कामाला लागली आहे. बायोसमध्ये ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ असा पर्याय असेल तर २ जीबीऐवजी ५१२ एमबी ठेवता येते. टायपिंग, हिशेब, ब्राउझर एवढेच काम असेल तर काही अडत नाही. गेम खेळणाऱ्यांनी मात्र आहे तसे राहू द्यावे. काही कंपन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये हा पर्याय देतच नाहीत आणि आमच्या मते ८ जीबीच्या मशीनवर तो न देणे ग्राहकावर अन्याय आहे. टास्क मॅनेजरच्या जीपीयू (ग्राफिक्स) पानावर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून रॅमच्या निम्मा आकडा दिसतो, त्याने घाबरू नये. ती फक्त कमाल मर्यादा आहे, लागेल तेव्हाच वापरली जाते, आधी कापून ठेवलेली नसते.

दुसरी ओळखीची खूण म्हणजे ४ जीबीची ३.२५ किंवा त्याच्या आसपास दिसणे. मग ८ जीबी घाला, तरी आकडा तीन-सव्वातीनावरच अडतो. असे दिसले की विंडोज ३२-बिट आहे हे जवळपास नक्की. रॅममधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता लागतो आणि ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे ४ जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स, नेटवर्क, यूएसबी, बायोसची चिप, सगळ्यांना याच यादीत वरच्या टोकाचे पत्ते द्यावे लागतात. नुसत्या पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्डे जोडायच्या व्यवस्थेच्या) नोंदींसाठीच २५६ एमबी एवढी पत्त्यांची जागा जाऊ शकते. वाड्यात खोल्या चाळीस, पण घर नंबर चाळीसच छापलेले आणि त्यातले आठ अंगणातल्या विहिरीला, गोठ्याला, देवळीला दिले, तर आठ खोल्या बांधलेल्या असूनही त्यांना पत्र पोचणार नाही. तसेच हे.

इथे जाणकार विचारतील की १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरला ३६ बिटांचे पत्ते कळतात, मग अडचण कुठे? अडचण ड्रायव्हरची, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची होती. ४ जीबीच्या वरचा पत्ता दिसला की अनेक ड्रायव्हर कोलमडत. म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती ३२-बिट विंडोजवर ४ जीबीची मर्यादा कायम ठेवली. ३२-बिट लिनक्स मात्र योग्य कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) जास्त रॅम वापरू शकते.

हे दुखणे अजून संपलेले नाही, कारण २०१५ मध्ये फुकट अपग्रेड मिळाले तेव्हा ३२-बिट विंडोज ७ वरून ३२-बिट विंडोज १० च आले. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट असे गेले की ‘सिस्टिम टाइप’ची ओळ सापडते. तिथे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर’ लिहिले असेल तर प्रोसेसर ६४-बिटचा आहे, बदलायचे आहे ते विंडोज. ३२ वरून ६४ वर नुसते अपग्रेड करता येत नाही, सी ड्राइव्ह पुसून नव्याने टाकावे लागते. त्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फॉन्टचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर असेल, किंवा डोंगलवर (संगणकाला लावायच्या किल्लीवर) चालणारे जुने मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर असेल, तर त्यांचे ६४-बिट ड्रायव्हर मिळतात का, हे डिस्क पुसण्याआधी बघा. छापखान्यांचे आणि डीटीपीवाल्यांचे काम नेमके इथे अडते. विंडोज ६४-बिट असूनही तूट तेवढीच राहिली आणि मदरबोर्ड जुना असेल, तर बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ चालू आहे का ते पाहावे. ते बंद असले की उपकरणांच्या पत्त्यांखाली झाकली गेलेली रॅम ४ जीबीच्या वर हलवली जात नाही.

तूट बरोबर एका स्टिकएवढी असेल, म्हणजे १६ ची ८ किंवा ८ ची ४, तर विंडोजला दोष देऊ नका. हात हार्डवेअरलाच लावावा लागेल. इथे एक फसवी गोष्ट आहे. कधी विंडोज ‘इन्स्टॉल्ड १६’ बरोबर सांगते, पण ‘युजेबल’ आठच्या आतच दाखवते. प्रत्येक स्टिकवर मोठ्या चिपांशिवाय एक छोटी चिप असते आणि तिच्यात स्टिकचा आकार, वेग वगैरे नोंदलेले असते. ही ओळखचिप वेगळ्या तारांवरून वाचली जाते. त्यामुळे स्टिकची ओळख पटते, पण डेटाच्या तारांपैकी एकीवर जरी धूळ बसलेली असली तरी ती मेमरी वापरात घेतली जात नाही.

यावरचा उपाय घरीही करता येतो, पण घाई नको. शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा म्हणजे संगणक पूर्ण बंद होतो. वायर काढा. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवा. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. क्लिपा उघडून स्टिक सरळ वर ओढा. लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंचे चाप बाहेर ढकलले की ती आपोआप तिरकी उचलली जाते. सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि खोडरबराचा भुसा ब्रशने झटकून टाका. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. ब्लोअर किंवा कोरडा ब्रश वापरा. बसवताना खाच जुळते का बघा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसत नाही, स्लॉट मात्र फुटतो. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबल्यावर ‘टक’ असा आवाज यायला हवा. एक टोक मिलिमीटरभर वर राहिले तरी स्टिक दिसत नाही. म्हणून डोळा बोर्डाच्या पातळीवर आणून सोनेरी रेष कडेने सारखी दिसते का ते पाहावे. चार स्लॉट असतील तर दोन स्टिका बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. डीडीआर५ च्या मशीनवर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमची जुळणी करत असतो, वीज बंद करू नका.

तरीही दिसली नाही तर अदलाबदल करून पाहा. एकच स्टिक घेऊन ती प्रत्येक स्लॉटमध्ये चालवा, मग दुसरी. एखादी स्टिक कुठेच चालली नाही तर ती गेली. सगळ्या स्टिका एकाच स्लॉटमध्ये अडल्या तर स्लॉट बिघडला किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली पिन वाकली. रॅमचा कारभार आता प्रोसेसरच्या आतूनच चालतो, त्यामुळे वाकलेली एक पिन अख्खा चॅनेल (रॅमकडे जाणारी वाट) बंद पाडू शकते. कूलर एका बाजूला जास्त आवळला तरी तसेच होते. ही चाचणी केल्याशिवाय कोणी नवी रॅम किंवा नवा बोर्ड सुचवत असेल, तर त्याला आधी ती करून दाखवायला सांगा.

बोर्डाचीही मर्यादा असते. इंटेलच्या जी४१ बोर्डांवर कमाल ८ जीबी आणि एच६१ वर १६ जीबी चालते. त्यापलीकडची स्टिक घेऊन उपयोग नाही. ‘फक्त एएमडी बोर्डासाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३ स्टिका इंटेल बोर्डावर चालत नाहीत, हेही घेताना विचारून घ्यावे.

राहिले एक कारण, आणि ते माणसाच्याच हातून घडते. वेग वाढवण्यासाठी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनात बूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक करा, असा सल्ला व्हिडिओंत दिला जातो. तो मानू नका. त्या टिकने वेग वाढत नाही, ती फक्त रॅमवर मर्यादा घालते. हार्डवेअर रिझर्व्डचा आकडा विचित्र आणि मोठा असेल, कुठल्याच स्टिकशी किंवा ग्राफिक्सशी जुळत नसेल, तर पहिल्यांदा हीच टिक काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

विक्रेत्यांना आमची विनंती आहे की, बिलावर ‘८ जीबी रॅम’ एवढेच लिहू नये. स्टिका किती, कोणत्या डीडीआरच्या, बोर्डावर पक्की सोल्डर केलेली रॅम किती, विंडोज ३२-बिट की ६४-बिट आणि युजेबल आकडा किती, हे चार-पाच शब्द जास्त लिहावेत. वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी दुकानातच, मशीन चालू करून, टास्क मॅनेजरच्या मेमरी पानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तो फोटो व बिल दोन्ही लागतील.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक