यकृताची शस्त्रक्रिया आणि भुलीचे औषध

संपादक महोदय,

बांबोळीला असो वा मडगावला, यकृताच्या शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाईक शल्यविशारदाला अनेक प्रश्न विचारतात. भूलतज्ज्ञाला मात्र क्वचितच. वास्तविक पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या हॅलोथेन या भुलीच्या औषधाचा सुमारे २० टक्के भाग शरीरात, मुख्यतः यकृतातच, विघटित होई आणि त्यातून विरळा, पण प्राणघातक ठरू शकणारा यकृतदाह उद्भवे. आयसोफ्लुरेनचे हे प्रमाण जेमतेम ०.२ टक्के, तर डेसफ्लुरेनचे त्याहूनही कमी आहे. अर्थात शस्त्रक्रियेदरम्यान यकृताचा रक्तपुरवठा सांभाळणे, माझ्या मते, औषधाच्या निवडीइतकेच मोलाचे आहे. पूर्वी भुलीनंतर कावीळ झाली असल्यास रुग्णाने ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावे, आणि इस्पितळांनी भूलतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवू नये, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, म्हापसा