एकपात्री युद्धनाट्यातली अदृश्य बंदूक

महोदय,

एकांकिका स्पर्धा आणि युवक महोत्सवांचा हंगाम आला की छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या रंगमंचांवर सैनिकावरचे एखादे एकपात्री देहनाट्य हमखास असते. संवाद जवळजवळ नाहीत, नेपथ्य नाही. सगळा भार नटाच्या अंगावर. नेमका तो भारच बऱ्याचदा दिसत नाही.

बंदूक धरल्याचा अभिनय सुरू होतो आणि चार पावलांत दोन्ही हातांतले अंतर वीतभर घटते. तिथेच बंदूक संपली! रायफल साधारण ४ किलोची असते. तालमीत लाठीला वाळूच्या पिशव्या बांधून तेवढे वजन करावे, पंधरा मिनिटे ते घेऊन चालावे, बसावे, नेम धरावा आणि लगेच लाठी बाजूला ठेवून त्याच हालचाली कराव्यात. कोपर किती उतरतो, कंबर किती मागे जाते हे शरीराला तेव्हा आठवत असते. गोळी सुटल्याचा धक्का अनेकजण मनगटात दाखवतात. दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा भाग, टेकलेला असतो खांद्याला, त्यामुळे धक्का तिथे बसतो. पाठीवरच्या ओझ्यासाठी १५ किलो तांदूळ भरलेली सॅक पुरते. धड पुढे झुकते, पावले आखूड होतात. ओझे उतरवल्यावर अंग क्षणभर हलके होऊन वर उचलल्यासारखे वाटते, तो क्षण मात्र कुणी दाखवत नाही.

गोळी लागलेला माणूस चित्रपटातल्यासारखा मागे उडत नाही. बहुधा गुडघे सुटून जागीच कोसळतो. पडताना पोटरीची बाजू, मांडी, नितंब, मग पाठीची कड असा क्रम हवा. हनुवटी छातीकडे, श्वास बाहेर सोडलेला. हात टेकवून पडणे सर्वांत वाईट, मनगट जाते. हे आधी जाड गादीवर शिकावे आणि विजारीच्या आत गुडघ्याचे पॅड घालावेत.

संचलनाचा वेग मिनिटाला १२० पावले. पार्श्वसंगीत त्याहून संथ असेल तर पाय आणि ताल भांडत राहतात. खरे तर तयार ध्वनिफितीतल्या स्फोटांची गरजच नसते. बूट आपटल्याचा आणि श्वासाचा आवाज पुरतो. स्फोटांचा आवाज चढला की हे दोन्ही ऐकू येत नाहीत.

विषयाबद्दलही एक सुचवावेसे वाटते. सगळ्यांचा सैनिक सीमेवरच्या बर्फात उभा असतो. पहिल्या महायुद्धात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचे हैदराबाद लान्सर्स हे घोडदळ सुएझ व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले होते. दिल्लीतल्या ‘तीन मूर्ती’ या युद्धस्मारकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक त्यांचाच. वाळवंट, तहान, घोडा आणि स्वार: एकट्या नटाला दोन शरीरे करायला याहून चांगली संधी कोणती? कंबरेखाली घोडा, वर माणूस. दोघांचा श्वास वेगळा ठेवता आला तर निम्मे काम झाले.

आयोजकांकडे एकच मागणी आहे. फरशीच्या किंवा सिमेंटच्या रंगमंचावर असे प्रयोग करताना गुडघे फुटतात. रंगमंच कशाचा आहे, त्याची लांबी-रुंदी किती आणि गादी किंवा जाड सतरंजी अंथरायला प्रयोगाआधी किती मिनिटे मिळतील, एवढे प्रवेशपत्रिकेतच छापावे.

– नाट्यप्रशिक्षक, परभणी