स्पोर्ट्स बाइकचा टायर बदलताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या आसपास इंदूरमधल्या टायरच्या दुकानांपुढे स्पोर्ट्स बाइक उभ्या दिसू लागतात. पातालपाणी, चोरल, जाम गेटच्या फेऱ्या सुरू होण्याआधी मागचा टायर बदलून घ्यायचा असतो. दुकानात पहिला प्रश्न येतो तो हाच, “एक नंबर चौडा बसेल का?” बसतो. चेनला किंवा मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला (स्विंगआर्मला) घासत नसेल तर दुकानदारही नाही म्हणत नाही. पण त्याने बाइकचे वळणे बिघडते. ते का बिघडते, हे मुलांना आणि त्यांना पैसे देणाऱ्या आईवडिलांना कळावे, म्हणून हे पत्र.

मागचा टायर मुळात 130/70-17 असलेली 200 सीसीची बाइक घ्या. 130 ही मिलिमीटरमधली रुंदी, 70 म्हणजे त्या रुंदीच्या 70 टक्के उंची, म्हणजे 91 मिमी, आणि 17 हा इंचांतला रिमचा व्यास. त्याजागी 140/70 घातला की उंची 98 मिमी होते. बाइकचा मागचा भाग 7 मिमी वर उठतो, हँडलची भूमिती, म्हणजे पुढच्या फोर्कचा कल, बदलते, चाकाचा घेर दोन टक्क्यांहून जास्त वाढतो आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करून ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला वेगळे आकडे मिळू लागतात. 140/70 च्या जागी 150/60 घातला तर उलट होते. मागचा भाग 8 मिमी खाली बसतो आणि बाइक वळणात जड वाटते.

खरी गोम रिममध्ये आहे. रिम तीच राहते. तिच्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या जातात आणि माथा उभट होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा त्यामुळे कमी होतो, आणि खांद्यांकडचे रबर बाइक कितीही झुकवली तरी रस्त्याला लागत नाही. ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते रबर कामातच येत नाही, वर चाकाचे वजन वाढते. प्रत्येक मापाच्या टायरला किती रुंदीची रिम चालते हे कंपनीच्या तक्त्यात दिलेले असते. दुकानदाराला तो तक्ता जरूर दाखवायला सांगा.

मापापुढचे आकडे सहसा कोणी वाचत नाही. 66H मधला 66 म्हणजे टायर पेलू शकेल असा 300 किलो भार, H म्हणजे कमाल वेग ताशी 210 किमी. S असेल तर 180, P असेल तर 150. कंपनीने दिलेल्यापेक्षा भाराचा आकडा किंवा वेगाचे अक्षर कमी असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दोघे बसून, सामान लादून मे महिन्यात महामार्गावर निघाल्यावर उष्णता अशा टायरमध्येच साठते. मापात R असेल तर टायर रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसरीकडे सरळ आडवे), नुसती आडवी रेघ असेल तर बायस (धागे तिरके). यामाहा आर15 सारख्या काही बाइकना कंपनीच पुढे बायस आणि मागे रेडियल देते, ते ठीक आहे. पण पुढे रेडियल आणि मागे बायस अशी जोडी आपल्या मनाने कधीही लावू नये.

मग तारीख. टायरच्या बाजूला DOT या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 0825 म्हणजे 2025 सालचा आठवा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून पाहावा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेल्या टायरचे रबर न वापरताच कडक होत जाते, त्यामुळे तसा टायर नकोच. बाइकवरच्या टायरलाही पाच वर्षे झाली की नक्षी शिल्लक असली तरी दरवर्षी भेगा तपासाव्यात.

आग्रा-मुंबई मार्गावर सरळ धावणाऱ्या बाइकचा मागचा टायर मधोमध सपाट पडतो. कडांना नक्षी भरपूर दिसते म्हणून तो चालवत राहतात. सिमरोलच्या घाटात बाइक झुकवली की सपाट भाग संपून गोलाई सुरू होते, त्या काठावर चाक अडते आणि मग एकदम कलंडते. खाचांमधल्या, झीज दाखवणाऱ्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजण्याची वाट पाहू नका, टायर सपाट पडला की बदला.

कंपाउंडबद्दल, म्हणजे रबराच्या मिश्रणाबद्दल, आमचे मत ठाम आहे. पलासिया ते विजयनगर रोज जाणाऱ्याला आणि रविवारी मांडूपर्यंत फिरणाऱ्याला मधे कडक, कडांना मऊ असा ड्युअल कंपाउंड स्पोर्ट-टूरिंग टायर लागतो. ट्रॅकसाठीचा मऊ टायर नीट तापला तरच पकडतो. सिग्नल-सिग्नलच्या रहदारीत, पावसात किंवा जानेवारीच्या सकाळी तो तापतच नाही, आणि झिजतो मात्र भराभर. ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेल्या काळ्या मातीने तर कोणत्याही टायरच्या खाचा भरून जातात. तिथे वेग कमी करण्याखेरीज उपाय नाही.

बसवण्याचे काम समोर उभे राहून करून घ्या. डिस्क लावलेले चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टेकवू देऊ नका. एबीएसची दातेरी रिंग टायर काढण्याच्या पान्याने वाकली तर एबीएस बंद पडते. पान्याखाली रिमचे संरक्षक हवेत. रिमवर बसणाऱ्या कडांना साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने टायर रिमवर सरकतो. टायरवरच्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाकडे पाहावे, रंगाचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हशी जुळवावा आणि व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा घालावा. हवा भरल्यावर कडेजवळची बारीक रेघ रिमपासून चोहोबाजूंनी सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. ती एका जागी बुडालेली असेल तर टायर बसलेला नाही आणि वेगात हँडल थरथरेल. बॅलन्सिंग करून घ्यावेच.

हवा स्विंगआर्मवरच्या किंवा चेनगार्डवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरमध्ये, स्वतःच्या गेजने भरा. तापमान पाच-सहा अंश वाढले की दाब सुमारे 1 पीएसआय वाढतो. तो पाहून दुपारी हवा काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर चालतो आणि बाजूंनी जास्त तापतो.

पहिले 150 किमी सावकाश चालवा. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे जोरात ब्रेक किंवा खोल झुकणे तेव्हा टाळावे. दुकानातून निघण्यापूर्वी चेनचा ताण तपासा, अ‍ॅक्सलचा नट बाइकच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कप्रमाणे (कसण्याच्या जोराप्रमाणे) कसला आहे ना ते विचारा, आणि दोन्ही ब्रेक घट्ट लागेपर्यंत दाबून पाहा. चाक काढताना ब्रेकचे पॅड मागे सरकलेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही.

कळावे,
आपले,
काही बाइकस्वार व टायर कारागीर
लोकमान्यनगर-सुदामानगर, इंदूर