झुंबरच्या कानाच्या चिठ्ठीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात येणाऱ्या गाई-म्हशी, शेळ्या आणि त्यांच्या दोऱ्या धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यांच्या गर्दीत, सेलूहून आलेली एक तांबूस, लोंबत्या कानांची कुत्री आपल्या लक्षात राहिली असेल, अशी माझी अपेक्षा नाही. तिचे नाव झुंबर. कानांमुळे ते पडले, आणि माझ्या थोरल्या मावशीचेही तेच नाव असल्यामुळे त्यावरून घरात एकदा चांगलाच वाद झाला होता. गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी संपल्यावर, मोंढ्याला माल घेऊन निघालेल्या शेजाऱ्यांच्या टेम्पोतून मी तिला आपल्याकडे आणले होते. आभार त्याच दिवशी मानायला हवे होते. परंतु त्या दिवशी मला लाजच अधिक वाटत होती, म्हणून हे पत्र उशिरा आणि चार जणांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी घरी शिकवण्या घेते आणि महिन्याचा हिशेब वहीत मांडते. पावसाळा लागल्यावर झुंबर डावा कान खाजवू लागली, सारखे डोके झटकू लागली, आणि कानातून आंबूस वास येऊ लागला. शेजारणीच्या सांगण्यावरून आधी लसूण कडवलेले तेल घातले, मग मुलाच्या कानासाठी आणलेले उरलेले थेंब घातले, मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. शेवटी एका खाजगी दवाखान्यात नेले, तेथे कानात न पाहताच सात औषधांची चिठ्ठी मिळाली. त्यांना सगळा दोष देता येणार नाही, कारण “लवकर लिहून द्या, माझ्या मुलांची वेळ झाली” असे मीच म्हणाले होते. पाच आठवड्यांत वहीत 2,340 रुपये पडले आणि कान होता तसाच राहिला.

आपण चिठ्ठी लिहायला घेण्याआधी झुंबरला काट्यावर उभे केले. 14 किलो. मग कानात यंत्राने पाहिले, आणि मी अधीर झालेली पाहून कारणही सांगितले, की कानाचा पडदा शाबूत आहे याची खात्री केल्याशिवाय थेंब घालू नयेत, कारण पडदा फाटलेला असेल तर काही औषधे आतल्या कानापर्यंत पोहोचून ऐकू येण्यावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम करतात. त्यानंतर कापसाच्या काडीवर घेतलेला तपकिरी मळ आपण काचेच्या पट्टीवर फिरवला, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि दोन विद्यार्थ्यांना बाजूला करून मला पाहायला सांगितले. जांभळ्या रंगाच्या, मध्ये कंबर आवळलेल्या अगदी चिमुकल्या भुईमुगाच्या शेंगाच जणू पसरल्या होत्या. ही यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असून प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी ती मरत नाही, हे आपण एका वाक्यात सांगितलेत. मेडिकलमधून आणलेल्या पाकिटावरची लाल उभी रेघ दाखवून, ती रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नये अशी खूण आहे, हेही आपणच सांगितलेत. ते पाकीट महिनाभर माझ्या पर्समध्ये होते; रेघ मी नक्षी समजत होते.

आता लाजेचे खरे कारण. “घरून आणखी काही दिले का?” असे आपण विचारले तेव्हा मी नाही म्हणाले. आपण विद्यार्थ्याकडे वळून सूज उतरण्यासाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या लिहायला सांगितल्या, आणि मला पुन्हा तोच प्रश्न, आवाज किंचितही न चढवता, विचारला. तेव्हा मी सांगितले, की आदल्या रात्री ती कण्हत होती म्हणून आमच्या घरातली आयबुप्रोफेनची अर्धी गोळी गुळात घालून दिली होती आणि पहाटे ती ओकली होती. आपण रागावला नाहीत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही, आणि त्यावर लगेच स्टेरॉइड दिले तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून गोळ्या पाच दिवस पुढे ढकलल्या. त्या काळात शौच डांबरासारखे काळे दिसले तर रात्री-अपरात्रीही आणा, असे बजावलेत. घरात मांजर आहे का, हेही विचारलेत, कारण पॅरासिटामॉल मांजराला जिवावर बेतते आणि कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनची गोचीडनाशके मांजराच्या जवळ नेऊ नयेत. आमच्याकडे मांजर नाही, पण शेजारणीकडे तीन आहेत. लसणाचे तेल सुचवणारी तीच. त्याच संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन सांगून आले.

पैशाचा विषय मी काढणार नव्हते. मुक्या जिवाच्या आजारात घासाघीस केली तर आपण काय म्हणाल, या भीतीने गप्प होते. आपणच माझी सात औषधांची जुनी चिठ्ठी मागून घेतली, पेन उघडून पाच नावांवर रेघ मारली आणि उरलेल्या दोन औषधांचा, म्हणजे कान साफ करण्याचे द्रावण आणि बुरशीवरचे थेंब यांचा, अंदाजे खर्च आकड्यात सांगितला. प्रेडनिसोलोन हे माणसांनाही देतात तेच औषध आहे, म्हणून कंपनीच्या नावाऐवजी मूळ नाव, झुंबरचे वजन, किती मिलिग्रॅम, किती दिवस आणि कशी कमी करत बंद करायची, हे सगळे मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून दिलेत, आणि जनऔषधी केंद्रात विचारा म्हणालात. तेथे त्या गोळ्या चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळाल्या. द्रावणाच्या बाबतीत मात्र आपण ठाम होता: व्हिनेगर, पेरॉक्साइड, खोबरेल, काही चालणार नाही. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे दाखवणारे असे कोणी मला याआधी भेटले नव्हते. एरवी दुकानात महागातले सुचवतात आणि घरात फुकटातले.

द्रावण कानात भरून कानाचे मूळ खालून चोळले की चिखलात पाय पडल्यासारखा आवाज यायला हवा, मग तिला डोके झटकू द्यायचे आणि जेवढे बोट सहज जाईल तेवढेच कापसाने पुसायचे, काडी आत घालायची नाही, ही कृती आपण स्वतः करून दाखवलीत. पहिले तीन दिवस माझ्या साड्यांवर आणि भिंतीवर तपकिरी शिंतोडे होते. आठव्या दिवशी खाज थांबली आणि साहजिकच मनात आले, की आता कशाला पुन्हा परभणी? पण चिठ्ठीच्या तळाशी आपण “14 दिवसांनी काच पुन्हा तपासणे” असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. म्हणून आले. कान वरून कोरडा होता, तरी काचेवर थोड्या शेंगा होत्याच, आणि थेंब आणखी एक आठवडा चालू ठेवावे लागले. त्या दिवशी आले नसते तर दिवाळीच्या सुमारास पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, असे आपण म्हणालात.

दोन्ही खेपांचा केस पेपर, औषधे आणि टेम्पोवाल्यांनी कसेबसे घेतलेले डिझेलचे पैसे धरून वहीत 870 रुपये आहेत. या पावसाळ्यात झुंबरने एकदाच कान झटकला. मी तेल शोधले नाही. वास घेतला, आत पाहिले, कान कोरडा होता, झोपले. थेंबांची बाटली उघडल्याची तारीख मी आपण सांगितल्याप्रमाणे तिच्यावर लिहिली होती, आणि मुदत उलटल्यावर उरलेले औषध पुढच्या वेळेसाठी न ठेवता टाकून दिले. 290 रुपयांची बाटली होती, मॅडम. निम्मी भरलेली होती.

आपली कृतज्ञ,
झुंबरची मालकीण
सेलू, जि. परभणी