लॉजची पदकं मोडीत देण्याआधी उलटून पाहा

संपादक महोदय,

पुण्यातले जुने वाडे-बंगले पुनर्विकासाला जाऊ लागले तशी घरोघरची कपाटं रिकामी होत आहेत. त्यात कधीतरी एक चपटी, काळी चामड्याची पेटी निघते. आत निळ्या काठाचा पांढरा कातडी एप्रन, फितीला लावलेली दोन-तीन पदकं आणि घडी घातलेलं एक जाड प्रमाणपत्र. आजोबा फ्रीमेसन होते, एवढंच घरात कुणाला तरी आठवत असतं. फ्रीमेसन म्हणजे बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद; तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. मग पदकं सराफाकडे चांदीच्या भावानं मोडीत जातात, नाहीतर अख्खी पेटी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात पोहोचते. हे टाळता येतं, म्हणून हे पत्र.

आधी भीती दूर व्हावी. लॉजचं सभासदत्व गुप्त नसतं. एकमेकांना ओळखण्याच्या खुणा आणि शब्द तेवढे सभासद बाहेर सांगत नाहीत. पदक तर छातीवर लावण्यासाठीच दिलेलं असतं. ते घरच्यांनी हाताळलं, वाचलं, कुणाला दाखवलं, तर कसलाही नियम मोडत नाही.

पदक हातात आलं की पहिल्यांदा उलटं करावं. मागे टाचणी असेल तर ते छातीवर लावायचं, म्हणजे त्या व्यक्तीला मिळालेलं, तिच्या मालकीचं. टाचणी नाही, वर नुसती कडी आहे आणि आकारानं मोठं आहे, तर ते बहुधा गळ्यातल्या रुंद पट्ट्याला अडकवायचं पदाचं चिन्ह असतं. मास्टरचा, म्हणजे लॉजच्या प्रमुखाचा, गुण्या, त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनची लेव्हल, ज्युनियर वॉर्डनचा ओळंबा, खजिनदाराची किल्ली, सेक्रेटरीच्या एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन लेखण्या, दारावर उभ्या राहणाऱ्या टायलरची तलवार: ही गवंडीकामाची आणि कारभाराची चिन्हं लॉजच्या मालकीची असतात. पदग्रहणाच्या दिवशी ती नव्या पदाधिकाऱ्याच्या गळ्यात घातली जातात. एखादा सेक्रेटरी पट्टा घरी नेतो, मध्येच आजारी पडतो आणि तो पट्टा कपाटातच राहतो. घरच्यांनी तो विकला तर नकळत दुसऱ्याची वस्तू विकली जाते, आणि लॉजचा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला संच तुटतो.

याला एक अपवाद आहे. गुण्याखाली चांदीची छोटी चौकट लटकत असेल आणि तिच्यावर त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर काढलेले चौरस कोरलेले असतील, तर ते पास्ट मास्टरचं, म्हणजे माजी मास्टरचं, पदक. ही आकृती युक्लिडच्या पहिल्या खंडातलं ४७वं प्रमेय आहे. शाळेत आपण त्यालाच पायथागोरसचा सिद्धांत म्हणतो. मास्टरपदाचं वर्ष पुरं केल्याबद्दल लॉज हे पदक ठराव करून देते. टाचणीचं असो वा पट्ट्याचं, मागे नाव कोरलेलं असेल तर ते त्या व्यक्तीचंच. लॉजमधला हा सर्वांत मानाचा सन्मान म्हणावा लागेल, आणि मोडीत सर्वाधिक जातो तोही हाच, कारण तो चांदीचा असतो.

आडव्या-उभ्या फुलीच्या आकाराचं, डाव्या टोकाला १९१४ आणि उजव्या टोकाला १९१८ हे साल असलेलं, मधोमध पंखधारी आकृती असलेलं पदक सापडलं तर विशेष जपावं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सभासदांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये फ्रीमेसनांचं भवन बांधलं गेलं, ते १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या निधीला किमान दहा गिनी (जुनं इंग्रजी चलन) देणाऱ्या सभासदाला हे पदक मिळत असे.

पदकामागचा मजकूर वाचताना लॉजच्या नुसत्या नंबरावर विसंबू नये. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं, म्हणजे तिथल्या शिखर संस्थेनं, आपल्या लॉजचे नंबर अनेकदा बदलले, शेवटचे १८६३ मध्ये. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिच्यात गेलेल्या लॉजना पुन्हा नवे नंबर मिळाले. काही लॉज इंग्लंड-स्कॉटलंडकडेच राहिल्या. त्यामुळे एकाच लॉजचे दोन-तीन नंबर सापडतात आणि एकच नंबर दोन-तीन लॉजचा असू शकतो. नंबरापुढे ई.सी. असेल तर इंग्लंड, एस.सी. असेल तर स्कॉटलंड. एप्रनची वरची झडप त्रिकोणी असेल तर इंग्लिश पद्धत, गोलाकार असेल तर बहुधा स्कॉटिश. मुंबई इलाख्यात स्कॉटिश लॉज पुष्कळ होत्या. एप्रनवर निळ्या फितीची तीन फुलं असतील तर तो मास्टर मेसनचा, म्हणजे तिसरी पायरी गाठलेल्या सभासदाचा; हा लॉजचा मास्टर नव्हे. फुलांच्या जागी उलट्या टी अक्षरासारखे धातूचे तुकडे असतील तर त्याच्या मालकानं मास्टरपद भूषवलेलं आहे.

सर्वांत मोलाचा मात्र कागद. ग्रँड लॉजच्या प्रमाणपत्रावर सभासदाचं नाव, लॉज, नंबर, दीक्षेची तारीख हे सगळं असतं आणि बाजूला त्याची स्वतःची सही असते. पदकं आणि हा कागद वेगळे झाले की पदकाची ओळखच तुटते. कागद लॅमिनेट करू नये. उष्णतेनं आणि चिकट थरानं तो कायमचा बिघडतो. घडी हलक्या हातानं उघडून कागद सपाट ठेवावा.

साफसफाईच्या उत्साहात मात्र सगळ्यात जास्त नुकसान होतं. पितांबरी, टूथपेस्ट, राख यांनी घासलं की चांदीवरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि कोरीव अक्षरं बोथट होतात; नाव गेलं की पुराव्यातला निम्मा पुरावा गेला. उकळत्या पाण्यात टाकलं तर मिन्याला तडे जातात. कोरड्या, मऊ सुती कापडानं पुसणं पुरेसं आहे. रबरबँड लावून ठेवू नये, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. लोकरीच्या कापडाचंही तेच. एप्रनची कलाबतू काळी पडली असली तरी धुऊ नये, आतली तार तांब्याची असते. एप्रन प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला की पुण्याच्या पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते. धुतलेल्या मलमलीत, घडी न घालता ठेवावा. घडीवर कातडं तडकतं.

आता लॉजच्या लोकांना. दोष फक्त घरच्यांचा नाही. पदक देताना आपण समारंभ करतो, भाषणं करतो, आणि नोंद करायला विसरतो. प्रत्येक पदकाची पुढून-मागून छायाचित्रं, कोरलेला मजकूर आणि दिल्याची तारीख एका वहीत हवी. पदकाच्या मागे नुसतं आडनाव आणि वर्ष कोरून भागत नाही. पूर्ण नाव, लॉजचं नाव, नंबर, कुठल्या ग्रँड लॉजखालची ते, आणि मास्टरपदाचं वर्ष हवं. नाव देवनागरीत कोरावं असं आम्हाला आवर्जून सुचवावंसं वाटतं. क्षीरसागर हे आडनाव रोमन लिपीत चार जण चार प्रकारे लिहितील. कारागिराला मजकूर तोंडी सांगू नये, कागदावर लिहून द्यावा आणि कोरण्याआधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा. पदकासोबत घरच्यांसाठी एक चिठ्ठी द्यावी: हे काय आहे, कुणाचं आहे, नको असेल तर कुणाला कळवायचं. आणि सभासद गेला की आल्मोनरनं, म्हणजे सभासदांच्या कुटुंबांची विचारपूस करणाऱ्या पदाधिकाऱ्यानं, पहिल्या महिन्यातच घरी जावं. वर्षश्राद्धापर्यंत थांबलं तर तोवर पेटी गेलेली असते.

ज्या शहरात दिनकर केळकरांनी घरोघरचे आडकित्ते आणि दिवे गोळा करून त्यांचं संग्रहालय उभं केलं, तिथे अशा वस्तूंचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पेटी सापडली आणि लॉज कुठली ते कळलं नाही, तर शहरातल्या कुठल्याही लॉजच्या सेक्रेटरीला पदकाच्या दोन्ही बाजूंची आणि प्रमाणपत्राची छायाचित्रं पाठवावीत. जुन्या नोंदींशी ताडून बहुतेक वेळा पत्ता लागतो. छायाचित्रासाठी पदक चकचकीत करू नये. खिडकीपाशी थोडं तिरकं धरावं, म्हणजे बाजूच्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

आपले,
लॉजचे काही जुने सभासद, पुणे